आयएईसीने फॉर्म बी परत पाठवला, आता काय दुरुस्त करायचे?

प्रश्न थोडक्यात असा. एम. फार्म.च्या प्रबंधासाठी एका वनस्पतीच्या अर्काचा मधुमेहावर काय परिणाम होतो ते रॅटमध्ये पाहायचे आहे. आधी अर्काची ॲक्यूट टॉक्सिसिटी (एकदाच दिलेल्या डोसाचा विषारीपणा), मग स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन देऊन मधुमेह घडवायचा, पाच गट, गटात सहा, एकूण ३० विस्टार जातीचे नर, २८ दिवस तोंडाने अर्क आणि शेवटी रक्त व स्वादुपिंड. संस्थेच्या प्राणी नीती समितीने, म्हणजे आयएईसीने, तीन शेरे मारून फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, परत केला: ‘संख्येचे समर्थन अपुरे’, ‘ह्युमेन एंडपॉइंट नमूद नाहीत’ (म्हणजे किती त्रास झाला की जनावर प्रयोगातून काढायचे ते लिहिलेले नाही), ‘पर्यायांचा विचार दिसत नाही’. गाइड म्हणतात, मागच्या बॅचच्या मंजूर प्रोटोकॉलमधला मजकूर उचलून टाका. तसे चालेल का?

नाही चालणार. हे तीनही शेरे बहुतेक वेळा उचललेल्या मजकुरामुळेच पडतात. समिती फॉर्ममध्ये एकच गोष्ट शोधत असते: तुम्ही मागितलेल्या प्रत्येक जनावराचे पहिल्या दिवसापासून शेवटच्या मिनिटापर्यंत काय होणार, हे तुम्ही डोळ्यांसमोर आणले आहे का? ते आणलेले असले की तीनही शेऱ्यांची उत्तरे आपोआप सुचतात. नसले, की ‘सीपीसीएसईएच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काळजी घेतली जाईल’ असले एक वाक्य येते (सीपीसीएसईए म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती). त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

आधी कायद्याचे दोन शब्द, कारण शेऱ्यांचे मूळ तिथे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकाने त्याला चालना दिली. त्यातले चौथे प्रकरण प्रयोगांविषयी आहे. कायदा प्रयोगांवर बंदी घालत नाही, पण कलम १७ मध्ये अटी स्पष्ट आहेत: पात्र माणसाच्या जबाबदारीखाली काम, पुरेशी भूल, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी नाही, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग नाही आणि योग्य नोंदी. १९९८ च्या नियमांनी संस्थांची नोंदणी आणि पूर्वपरवानगी यांची चौकट दिली. केंद्रीय समितीचे नाव आता सीसीएसईए झाले आहे आणि ती पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाखाली येते. बोलताना मात्र बहुतेक लोक अजून सीपीसीएसईएच म्हणतात. रॅट, माइस, गिनीपिग, हॅमस्टर, ससा यांच्यावरच्या कामाला तुमची आयएईसी मंजुरी देऊ शकते. कुत्रा, माकड, शेळी, मेंढी, डुक्कर असे मोठे प्राणी असतील तर प्रस्ताव आयएईसीच्या शिफारशीने पुढे केंद्राकडे जातो आणि त्या प्राण्यांच्या नंतरच्या पुनर्वसनाचा खर्चही अंदाजपत्रकात दाखवावा लागतो.

आयएईसीत आठ जण असतात: संस्थेतला जीवशास्त्राचा वैज्ञानिक, वेगवेगळ्या शाखांतले आणखी दोन, पशुवैद्यक, ॲनिमल हाउसचे प्रमुख, बाहेरच्या संस्थेतला वैज्ञानिक, विज्ञानक्षेत्राबाहेरचा सामाजिक जाणीव असलेला सदस्य आणि केंद्रीय समितीचा नॉमिनी. यातल्या सातव्या माणसाला विद्यार्थी गृहीतच धरत नाहीत. वकील, शिक्षक, निवृत्त बँक अधिकारी असा कुणीतरी तिथे बसलेला असतो आणि सोप्या भाषेतला सारांश तो शब्दन्‌शब्द वाचतो. ‘अर्काची अँटीहायपरग्लायसेमिक क्षमता मूल्यांकित करणे’ हे त्याच्यासाठी नाही. ‘या पानांच्या अर्काने रॅटच्या रक्तातली साखर कमी होते का ते पाहणार, त्यासाठी रॅटला आधी मधुमेह होईल असे औषध एकदा टोचणार’ हे त्याच्यासाठी आहे. ओघात आणखी एक: मराठीत रॅटही उंदीर आणि माउसही उंदीर. फॉर्ममध्ये प्रजाती, स्ट्रेन, लिंग, वय आणि वजन स्वतंत्र लिहा. वय ८ ते १० आठवडे म्हणायचे आणि वजन १०० ग्रॅम लिहायचे, असे झाले तर पशुवैद्यक तिथेच पेन ठेवतो.

आता पहिला शेरा, संख्येचा. ‘गटात सहा’ हा आपल्याकडच्या प्रबंधांतला पाळीव आकडा आहे. तो चुकीचा असेलच असे नाही, पण ‘मागच्या पेपरमध्ये सहा होते’ हे त्याचे समर्थन होत नाही. समर्थनाच्या दोन वाटा आहेत. मुख्य मोजमाप कोणते, त्यातला फरक किती अपेक्षित आणि विखुरणे किती, हे माहीत असेल तर पॉवरचे गणित करा. समजा, उपाशीपोटीच्या साखरेचे प्रमाणित विचलन ४० मिग्रॅ/डेसीलिटर आहे आणि निदान ८० ने साखर उतरली तरच अर्काला अर्थ आहे असे तुम्ही मानता. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरला तर नेहमीचे सूत्र गटाला ४ देते. इतक्या लहान गटासाठी टी-वितरणाची दुरुस्ती धरली की ५ ते ६. पण विचलन ४० ऐवजी ८० असेल तर तेच उत्तर १६ वर जाते. विचलन दुप्पट तर जनावरे चौपट. म्हणून संख्या कमी करण्याची खरी जागा नमुना घेण्याच्या शिस्तीत आहे: रोज ठरलेल्या वेळी, तितकेच तास उपाशी ठेवून, एकाच माणसाच्या हाताने, त्याच ग्लुकोमीटरवर. हे वाक्य फॉर्ममध्ये लिहा. कमीत कमी प्राणी वापरण्याचा मुद्दा त्यातून नुसत्या शपथेपेक्षा जास्त पटतो.

आधीची आकडेवारी नसेल तर रिसोर्स इक्वेशन वापरा: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची आणि उत्तर १० ते २० मध्ये बसवायचे. तुमचे ३० वजा ५, म्हणजे २५; जास्त झाले. गटात ५ घेतले तर २५ वजा ५, बरोबर २०.

पण स्ट्रेप्टोझोटोसिनच्या मॉडेलमध्ये गोष्ट इथे संपत नाही. काही रॅट पहिल्या दोन दिवसांत दगावतात आणि काहींची साखर चढतच नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी चार मधुमेही गटांत मिळून २० हवे असतील आणि २० टक्के गळती धरली, तर सुरुवातीला २० भागिले ०.८, म्हणजे २५ लागतात. विद्यार्थी इथे २० वर २० टक्के वाढवून २४ लिहितात. चूक छोटी, पण समितीत एक तरी माणूस ती पकडतोच. २५ मध्ये निरोगी गटाचे ५ मिळवले की ३०. म्हणजे तुमचा आकडा तोच राहतो, पण आता त्यातले प्रत्येक जनावर कशासाठी आहे ते सांगता येते. आधीच्या हिशेबात मात्र चार रॅट पहिल्याच आठवड्यात मेले असते तर गट अर्धवट राहिले असते आणि तुम्ही जादा प्राण्यांसाठी पुन्हा अर्ज केला असता. अपेक्षेपेक्षा जास्त रॅट मधुमेही झाले तर उरलेल्यांचे काय, तेही एका ओळीत लिहा. ‘दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊ’ असे लिहू नका. दुसऱ्या प्रकल्पात वापरायला त्या प्रकल्पाची स्वतःची मंजुरी लागते.

ॲक्यूट टॉक्सिसिटीचे प्राणी तुमच्या ३० मध्ये दिसतच नाहीत. जुन्या पद्धतीने ४०-५० उंदरांवर एलडी-५०, म्हणजे निम्मे प्राणी मारणारा डोस, काढण्याचा प्रस्ताव आता कुणी मंजूर करत नाही. चाचण्यांच्या पद्धती ठरवून देणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांची ४०१ क्रमांकाची चाचणीच २००२ अखेर रद्द केली. त्यांच्या ४२३ क्रमांकाच्या चाचणीत एका पायरीला ३ प्राणी लागतात आणि अर्क फारसा विषारी नसावा असे मानायला आधार असेल तर २००० मिग्रॅ/किलोची मर्यादा चाचणी ६ प्राण्यांत संपते. यासाठी सहसा माद्या वापरतात. त्याही आधी शोधा: हाच भाग, हाच द्रावक वापरून केलेल्या अर्काची विषारीपणाची माहिती प्रसिद्ध असेल तर हे ६ प्राणीही वाचतात. मुख्य प्रयोगात मात्र ‘फक्त नर’ का, याचे कारण द्या. स्ट्रेप्टोझोटोसिनला माद्या कमी दाद देतात, म्हणून विखुरणे वाढते. हे कारण पुरेसे आहे, पण ते लिहिलेले हवे.

डोसबद्दलही हेच. ‘२०० आणि ४०० मिग्रॅ/किलो’ हे आकडे एका पेपरातून दुसऱ्यात फिरत असतात. माणसातला पारंपरिक डोस माहीत असेल तर तिथून या. समजा ६० किलोच्या माणसाला दिवसाला १००० मिग्रॅ, म्हणजे १६.७ मिग्रॅ/किलो. शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने रॅटसाठी त्याला ६.२ ने गुणायचे: साधारण १०३ मिग्रॅ/किलो. मग १०० आणि २०० या डोसना काही अर्थ येतो.

पर्यायांचा शेरा आटोपशीर उत्तराचा आहे. ‘पर्याय उपलब्ध नाही’ असे न लिहिता कोणत्या डेटाबेसवर, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेला शोध घेतला ते लिहा. त्याहून चांगले म्हणजे काम करून दाखवा: अल्फा-ग्लुकोसिडेज आणि अल्फा-अमायलेज ही पिष्ट पचवणारी एन्झाइम रोखण्याच्या चाचण्या परीक्षानळीत होतात, पेशींमध्ये ग्लुकोज शिरते का तेही पाहता येते. तीन अर्कांपैकी एक तिथे निवडला आणि फक्त तोच रॅटपर्यंत नेला, तर दोन अर्कांचे प्राणी वाचले. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेल्या तीन ‘आर’पैकी, म्हणजे प्राण्याऐवजी पर्याय, कमी प्राणी आणि कमी त्रास यांपैकी, पहिल्याचे उत्तर प्रबंधाच्या पातळीवर एवढेच असते. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांतही प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना जागा मिळाली आहे, त्यामुळे समित्या हा रकाना आता पूर्वीपेक्षा बारकाईने वाचतात.

खरा वेळ द्यायचा तो त्रासाच्या शेऱ्याला. इथे मॉडेल तासातासाने उलगडून लिहावे लागते.

स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सायट्रेट बफरमध्ये, ०.१ मोलर, पीएच ४.५, ऐनवेळी विरघळवायचे, फॉइल गुंडाळलेल्या नळीत, बर्फावर. पाण्यात किंवा तटस्थ पीएचला ते झपाट्याने बिघडते. सकाळी एकदाच द्रावण करून तासभर तीस रॅटना टोचत बसले तर पहिल्या दहांना पूर्ण डोस मिळतो आणि शेवटच्या दहांना कितीतरी कमी. मग ‘या रॅटना मधुमेह झाला नाही’ म्हणून पुन्हा टोचायचे, पुन्हा प्राणी मागवायचे. उपाय सोपा: पाच-सहा रॅटपुरती पावडर आधीच वेगवेगळ्या नळ्यांत वजन करून ठेवायची आणि एकेक नळी लागेल तशी विरघळवायची. ५५ मिग्रॅ/किलो डोस २ मिली/किलो आकारमानात द्यायचा तर द्रावण २७.५ मिग्रॅ/मिली; २५० ग्रॅमच्या रॅटला १३.७५ मिग्रॅ, म्हणजे अर्धा मिली. पोटात टोचताना उजव्या बाजूला खालच्या भागात सुई घाला, डावीकडे सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची पिशवी, असते. आत घातल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून पाहा. हिरवट-तपकिरी किंवा लाल काही आले तर ती सुई फेका. आणखी एक: हे रसायन कर्ककारक आहे आणि लघवीतून बाहेर पडते, म्हणून पहिल्या दोन दिवसांचे बेडिंग (पिंजऱ्यातले अंथरूण) घातक कचरा म्हणूनच हाताळा. अटेंडंटला हे सांगितलेच जात नाही. फॉर्ममध्ये त्याच्या सुरक्षेची ओळ दिसली की समितीला तुमच्याबद्दल बरेच कळते.

टोचल्यानंतर साखर तीन टप्प्यांत बदलते. पहिल्या एक-दोन तासांत चढते. मग स्वादुपिंडातल्या बीटा पेशी फुटू लागतात, त्यांच्यातले साठलेले इन्सुलिन एकदम रक्तात येते आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाते. हा काळ साधारण चौथ्या तासापासून पहिल्या चोवीस तासांपर्यंत पसरू शकतो. ती पुन्हा चढून कायमची वर बसते दोन-तीन दिवसांनी. रॅट मरतात ते बहुतांशी मधल्या टप्प्यात, रात्री, अंगाला झटके येऊन, आणि सकाळी पिंजऱ्यात ताठ सापडतात. प्रबंधात त्याला ‘मॉडेलची मृत्युसंख्या’ म्हणतात. खरे तर त्यातले बरेच मृत्यू टाळता येतात: टोचल्यावर लगेच खाणे परत द्या आणि रात्रभर पाण्याच्या बाटलीत ५ ते १० टक्के ग्लुकोजचे द्रावण ठेवा. फॉर्ममध्ये त्या रात्री कोण, किती वाजता पाहणार ते लिहा. टोचणे शुक्रवारी दुपारी ठेवले असेल तर समिती तारीख बदलायला लावेल, आणि ते बरोबरच आहे.

७२ तासांनी शेपटीच्या टोकाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहायची. २५० मिग्रॅ/डेसीलिटरच्या वर असलेले घ्यायचे. त्यासाठी भूल नको. शेपटी कापण्याची पद्धत असेल तर ती बंद करा. लॅन्सेटची एक टोच पुरते. उपाशी ठेवण्याचा काळ सहा तास, दिवसा. रॅट रात्री खातो, त्यामुळे ‘ओव्हरनाइट फास्टिंग’ म्हणजे त्याच्या लेखी पूर्ण दिवसाचा उपास. मधुमेही रॅटचे तेवढ्यात लक्षणीय वजन उतरते. उपाशी ठेवताना पाणी काढायचे नाही, कधीच नाही.

इथून पुढे ॲनिमल हाउसचे काम बदलते, आणि हा भाग प्रोटोकॉलमध्ये जवळजवळ कधीच नसतो. निरोगी रॅट दिवसाला २५ ते ३० मिली पाणी पितो. चांगला मधुमेही झालेला रॅट १०० मिलीच्या पुढे जातो आणि ते सगळे बेडिंगवर सोडतो. तीन रॅटच्या पिंजऱ्याला एक बाटली लावली तर पहाटेपर्यंत ती रिकामी होते आणि सकाळी तुम्ही मोजता ती साखर तहानलेल्या रॅटची असते. दोन बाटल्या लावा. आठवड्यातून दोनदा बेडिंग बदलण्याचा नेहमीचा क्रम इथे चालणार नाही, रोज बदला. खोलीत शिरताच डोळ्यांना झोंबले तर अमोनिया केव्हाच हाताबाहेर गेलेला असतो. २५ पीपीएमच्या खाली ठेवायचा हा संकेत आहे, आणि रॅटचे नाक तर बेडिंगच्या पातळीवरच असते. बेडिंग भाताच्या तुसाचे किंवा मक्याच्या कणसाच्या भुग्याचे, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केलेले हवे. सुतारकामातला भुसा आणू नका: पाइन, सीडर अशा लाकडांतली द्रव्ये यकृतातले एन्झाइम वाढवतात आणि तुमच्या औषधाचा निचराच बदलतो.

जागेचे गणित शेवटच्या दिवसाच्या वजनावर करा. ४१ बाय २८ सेंटिमीटरच्या पॉलिप्रोपिलीन पिंजऱ्यात सुमारे ११४८ चौ. सेंमी जागा असते. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या निगेविषयीच्या अमेरिकन ‘गाइड’ या मार्गदर्शक पुस्तकाप्रमाणे ३०० ग्रॅमपर्यंतच्या रॅटला १८७ चौ. सेंमी लागतात, म्हणजे कागदावर सहा बसतात. पण निरोगी गटातले रॅट ३००च्या वर गेले की प्रत्येकी २५८ लागतात आणि चारच मावतात. मधुमेहींसाठी तीनच ठेवा. एकेकटा ठेवू नका, रॅटला सोबत लागते. मात्र वेगवेगळ्या गटांतले रॅट एका पिंजऱ्यात नकोत: ते एकमेकांची विष्ठा खातात आणि अर्क नियंत्रण गटातही पोचतो.

तापमान २२ अंशांच्या तीन अंश वर-खाली, आर्द्रता ३० ते ७० टक्के, बारा तास उजेड, बारा तास अंधार. हे सगळेच लिहितात. समिती विचारते ते वीज गेल्यावर काय. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी दोन तास बंद पडला तर भरलेल्या खोलीत काय होते ते सांगायला नको. जनरेटरवर एसी आहे की नुसते दिवे, ते लिहा. कोकणात अडचण उलटी: पावसाळ्यात आर्द्रता सत्तरीच्या वर राहते, खाद्याच्या गोळ्यांना बुरशी लागते. पोते उघडल्याची तारीख पोत्यावर हवी आणि पोते फळीवर, भिंतीपासून दूर.

तोंडाने औषध देणे हे २८ दिवसांचे काम आहे, म्हणजे २८ वेळा धरणे. रॅटला १६ किंवा १८ गेजची, गोल टोकाची वाकडी गॅवाज सुई, म्हणजे औषध थेट पोटात सोडणारी नळी. तोंडाच्या कोपऱ्यापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून सुईवर खूण करा. एका वेळी १० मिली/किलो ही कमाल. ५ मिली/किलोवर ठेवा. सुई आपल्या वजनाने उतरली पाहिजे, ढकलावी लागत असेल तर ती चुकीच्या नळीत आहे. नाकातून द्रव आला, ओठ निळे पडले, की औषध फुप्फुसात गेले. अशा वेळी उरलेला डोस देऊ नका. रॅटला डोके खाली करून धरा आणि लगेच पशुवैद्याला दाखवा. जो मेला त्याचे शवविच्छेदन करून कारण फॉर्म डी च्या नोंदीत टाका. ‘मधुमेहाने मेला’ असे अंदाजाने लिहू नका. नवख्या हाताचा दुसरा परिणाम दिसत नाही पण मोजमापात उतरतो: घाबरलेल्या रॅटचे कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे हार्मोन वाढते आणि साखरही वाढते. म्हणून आल्यानंतरच्या क्वारंटाइनच्या काळात, जो किमान एक आठवडा असतोच, शेवटचे चार-पाच दिवस रॅटना नुसते हातात घेण्याची सवय लावा आणि तसे लिहा.

रक्ताचा हिशेबही आकड्यांत द्या. रॅटच्या शरीरात किलोमागे सुमारे ६४ मिली रक्त. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये १६ मिली. एका वेळी १० टक्के, म्हणजे १.६ मिली काढले तर दोन आठवडे थांबायचे. दर आठवड्याला डोळ्यामागून २ मिली काढण्याचा बेत असेल तर तो इथेच कोसळतो. तुम्हाला मधल्या काळात फक्त साखर हवी आहे. शेपटीचा एक थेंब बास.

आता ह्युमेन एंडपॉइंट. ‘मरणासन्न अवस्थेत वेदनारहित मृत्यू दिला जाईल’ हा एंडपॉइंट होत नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. मधुमेहात वजन उतरणे अपेक्षितच आहे, म्हणून कोणत्या वजनापासून मोजणार ते सांगा: टोचण्याआधीच्या वजनाच्या २० टक्के घट झाली की जनावर प्रयोगातून बाहेर. १० टक्के घटीला रोज वजन, वाटीत भिजवलेले मऊ खाद्य आणि पशुवैद्याची तपासणी. ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ दिसणे एवढ्यावर बाहेर काढू नका, पण त्यासोबत पाठीची कमान, विस्कटलेले केस, ढकलल्यावरही न हलणे असेल तर थोडे इन्सुलिन द्यायचे की जनावर काढायचे, हे पशुवैद्य ठरवेल. अंग गार पडलेले आणि कुशीवर टाकल्यावर उलटता न येणारे जनावर त्याच क्षणी. चेहराही वाचता येतो: डोळे मिचकावलेले, नाक-गाल चपटे, कान आत वळून टोकदार झालेले, मिशा ताठ; रॅटच्या ग्रिमेस स्केलमध्ये यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. निर्णय विद्यार्थ्याकडे ठेवू नका. प्रबंधाची मुदत डोक्यावर असलेला माणूस ‘अजून दोन दिवस पाहू’ असेच म्हणणार.

शेवटाच्या रकान्यात सगळ्यात जास्त विसंगती सापडतात. एका ओळीत ‘कार्बन डायऑक्साइडने मृत्यू’, दुसरीत ‘हृदयातून रक्त’, तिसरीत ‘ईथरखाली’. ईथर काढून टाका: पेट घेतो, श्वासनलिकेला झोंबतो आणि समिती तो मान्य करत नाही. भुलीसाठी केटामाइन-झायलाझिन घ्यायचे तर ध्यानात ठेवा की झायलाझिन इन्सुलिनचे स्रवणे दाबते आणि साखर चढवते. मधुमेहाच्या प्रयोगात शेवटचे मोजमाप या भुलीखाली घेणे म्हणजे महिन्याभराच्या कामावर पाणी. आधी शेपटीतून साखर, मग भूल. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे कुलूप आणि नोंदवही लागते. भूल खोल झाली का ते पंजा चिमटून पाहायचे. पाय ओढला नाही तरच हृदयातून रक्त घ्यायचे आणि जनावर भुलीतच संपते. तिथे वायूची गरजच नाही. वायू लागतो तो मधेच बाहेर काढलेल्यांसाठी. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वायू सोडायला सांगितले आहे. ३० सेंमीच्या घनाकार पेटीत २७ लिटर मावतात, म्हणून मिनिटाला साधारण ८ ते १९ लिटर. फ्लोमीटर नसेल तर हा दर पाळता येत नाही, आणि आधीच वायूने भरलेल्या पेटीत रॅट टाकणे हे क्रूर आहे. श्वास थांबल्यावर छाती उघडून किंवा दुसऱ्या पद्धतीने मृत्यू पक्का करायचा. मृत शरीरे पिवळ्या पिशवीत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे.

उत्तर पाठवताना शेरा जसाच्या तसा उतरवा, खाली उत्तर, आणि बदललेला मजकूर फॉर्ममध्ये ठळक करून आवृत्तीचा क्रमांक व तारीख घाला. मंजुरीनंतर डोस, संख्या, देण्याचा मार्ग, भूल किंवा काम करणारी माणसे बदलायची असतील तर आधी दुरुस्ती-अर्ज, मग बदल. मंजुरीची पूर्वलक्षी तारीख मिळत नाही. म्हणून पत्रावर प्रकल्प क्रमांक हातात येईपर्यंत नोंदणीकृत ब्रीडरकडे रॅटची ऑर्डर देऊ नका. पुरवठ्याच्या चलनावरची तारीख आणि मंजुरीची तारीख परीक्षकही शेजारी ठेवून पाहतो आणि जर्नलचा संपादकही.